ज्यूद्वेषाचा डिजिटल संग्रह करताना: फाइल नंतर, नोंद आधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: गेली सहा वर्षं तुम्ही ज्यूद्वेषाविषयी जे सापडेल ते जपून ठेवताय. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मजकूर, वर्तमानपत्रांची कात्रणं, नाझी काळातली पोस्टरं, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलाखती, पुस्तकांच्या पानांचे फोटो. सगळं मिळून अकरा हजारांवर फायली झाल्यात. हवी ती वेळेला सापडत नाही, म्हणून कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं तुम्ही विचारलंय. जाता जाता तीन गोष्टी आणखी लिहिल्यात. हल्ली ते फोल्डर उघडलं की जीव घाबरा होतो. आपण ज्यू नसताना हे घरात का साठवतोय, ते घरच्यांना सांगता येत नाही. आणि या ढिगात कुठेतरी आजोबांच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, मित्राचं पत्र आहे, रेवदंड्याहून इस्रायलला गेल्यावर त्यांनी पाठवलेलं.

सॉफ्टवेअरचं सांगते, पण जरा पुढे. आधी माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन आणि सूची करणं हे माझं बावीस वर्षांचं काम. घराण्यांची दफ्तरं, संस्थांची इतिवृत्तं, बंद पडलेली मासिकं, हे सगळं पोटापाण्याचं. ज्यूद्वेषाचा संग्रह मात्र माझा स्वतःचा आहे आणि तो २००८ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. मी ठाण्यात वाढले. आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. २६ नोव्हेंबरला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात अतिरेकी शिरले. तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि त्यांच्याकडे आलेली माणसं, असे सहा ज्यू मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणलं. त्या आठवड्यात शेजारच्या काकू टीव्हीसमोर बसून मला एवढंच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मुंबईत ते घर त्यांनी शोधून काढलं, ना गं?" त्या प्रश्नामागे काय काय आहे हे समजून घ्यायचं म्हणून मी जमवायला लागले.

आता तुमची खरी अडचण. ढिगातून डोळे मिटून दहा फायली उचला. प्रत्येकीबद्दल सांगा: ही कुणी बनवली, केव्हा, माझ्याकडे कुठून आली, मी का ठेवली? मी माझ्या संग्रहावर हा प्रयोग केला तेव्हा दहांपैकी चारच सांगता आल्या, आणि मी तर हेच काम करणारी बाई. सापडत नाही ही त्यामानाने लहान तक्रार आहे. सापडल्यावरही ती वस्तू काय आहे हे सांगता येत नसेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, सहा महिन्यांनी तुम्ही इथेच असाल.

कुठल्याही संग्रहात नोंद लागतेच. इतिहासकार राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरं मिळवत, तेव्हा कागद कुणाच्या घरी, कसल्या अवस्थेत सापडला हे सांगण्याला केवढं महत्त्व होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण द्वेषाच्या साहित्यात याला आणखी एक बाजू आहे. गणेशोत्सवाचा जुना फोटो नोंदीशिवाय राहिला, तर फार तर तो कुठल्या गल्लीतला ते कळणार नाही. 'डेर श्टुर्मर' या नाझी वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र नोंदीशिवाय राहिलं, तर ते १९२३ साली युलियुस श्ट्रायखरने ते पत्र ज्यासाठी काढलं तेच काम आजही करतं. हे मला माझ्या भाचीने शिकवलं. ती तेव्हा बारा वर्षांची. माझ्या लॅपटॉपवर शाळेचं काहीतरी करत होती आणि चुकून ते फोल्डर उघडलं. वाकड्या नाकाचा, पैशांच्या थैलीवर बसलेला माणूस पाहून तिने विचारलं, "मावशी, ही माणसं खरंच अशी दिसायची?" चित्राखाली काहीही लिहिलेलं नव्हतं. तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर त्या फाइलजवळ असायला हवं होतं. त्या दिवसापासून माझ्याकडे नोंद नसलेली फाइल संग्रहात जात नाही. ती 'आवक' नावाच्या फोल्डरात पडून राहते, आणि महिनाभरात नोंद झाली नाही तर मी ती काढून टाकते.

नोंदीत काय असावं, यासाठी एक उदाहरण सांगते. ते आपल्या अगदी जवळचं आहे आणि त्यात सगळं येतं. गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय १५६० मध्ये बसलं. सुरुवातीच्या काळात त्याचा रोख होता तो पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या वंशजांवर. त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि आतून ते जुनाच धर्म पाळतात असा संशय असे. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य त्यांच्यातलाच. १५३४ मध्ये तो गोव्यात आला, अहमदनगरच्या निजामशाहीत त्याची ऊठबस होती, आणि मुंबईचं बेट त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळली.

आता प्रश्न असा की ऑर्ताच्या घरी गुप्तपणे ज्यू धर्म पाळला जात होता, हे आपल्याला कशावरून कळतं? त्याच्या नातेवाइकांनी त्या न्यायालयापुढे दिलेल्या जबान्यांवरून. म्हणजे तुरुंगात, छळाच्या भीतीखाली, ज्याला दोषच काढायचा आहे अशा लेखनिकाने उतरवून घेतलेल्या शब्दांवरून. त्यात खरं असेल, घाबरून सांगितलेलं असेल, दुसऱ्याला वाचवण्यासाठी सांगितलेलं असेल. पुढे १८१२ मध्ये हे न्यायालय कायमचं बंद झालं आणि गोव्यातली त्याची बहुतेक कागदपत्रं नष्ट झाली. जुआंव देलगादु फिगेइरा या इन्क्विझिटरने १६२३ मध्ये तयार केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनला राहिली. विचार करा, हजारो माणसांबद्दल जे उरलं ते त्यांना शिक्षा करणाऱ्यांनी केलेल्या यादीतली एकेक ओळ आहे.

म्हणून माझ्या नोंदवहीत 'कुणी बनवलं' याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: 'कोणत्या परिस्थितीत'. नाझी कचेरीतला अर्ज असो, पोलिसांचा पंचनामा असो, वर्तमानपत्रातली बातमी असो, लिहिणारा कोण आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला बोलायला मुभा होती का, हे दोन वाक्यांत लिहायचं. तुमच्या अकरा हजारांपैकी निम्म्या फायलींना हा रकाना भरताना तुम्ही थबकाल. थबकणं चांगलंच आहे.

यालाच लागून बनावट दस्तऐवजांचा प्रश्न येतो. तुम्ही लिहिलंय की 'ज्यू वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त' म्हणून फिरणारी, ज्यूंनी जग ताब्यात घ्यायचा कट केल्याचा दावा करणारी एक पीडीएफ तुमच्याकडे तीन-चार वेगवेगळ्या नावांनी आहे. ती तशीच राहू देऊ नका. हा मजकूर १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आला. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे वार्ताहर फिलिप ग्रेव्हज यांनी परिच्छेदाशेजारी परिच्छेद ठेवून दाखवलं, की तो मॉरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ च्या एका उपहासात्मक पुस्तकातून उचललेला आहे. ते मूळ पुस्तक फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर टीका करणारं होतं आणि त्यात ज्यूंचा उल्लेखही नाही. हे उघड होऊन शंभर वर्षं झाली, तरी तो मजकूर थांबलेला नाही. अशा वस्तूच्या बाबतीत 'बनावट' हा शब्द फक्त नोंदवहीत लिहून भागत नाही, कारण फाइल नोंदवहीपासून तुटून एकटी फिरू शकते. तो शब्द फाइलच्या नावात घाला. पीडीएफ असेल तर पहिलं पान म्हणून स्वतःचं एक पान जोडा: हा मजकूर बनावट आहे, कसा सिद्ध झाला, मी का ठेवलाय. मूळ प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवायची. दुसऱ्याला दाखवायची प्रत मात्र हे पान लावलेलीच असावी.

आता मला सर्वांत जास्त जे सांगायचंय त्याकडे येते. संग्रह सुरू करून सहा-सात वर्षं झाल्यावर मी तो काकूंच्या धाकट्या मुलाला दाखवला. तो आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, दर दोन-तीन वर्षांनी ठाण्याला येतो. मला वाटत होतं तो खूश होईल. त्याने अर्धा तास शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, यात आम्ही कुठेच नाही. आमच्यावर थुंकणारेच आहेत सगळे."

ते अगदी खरं होतं. माझ्याकडे पोस्टरं होती, भाषणं होती, कायदे होते, व्यंगचित्रं होती. ज्यांच्याविषयी ते सगळं होतं ती माणसं एकतर राक्षसासारखी काढलेली, नाहीतर प्रेतांच्या ढिगात. सकाळी उठून चहा पिणारा, मुलाला रागावणारा, दुकानाची उधारी वसूल करणारा एकही ज्यू माणूस माझ्या संग्रहात नव्हता. द्वेषाचं साहित्य जमवणं सोपं असतं, कारण ते पसरावं म्हणूनच बनवलेलं असतं. ज्याच्यावर तो द्वेष कोसळला त्याचं रोजचं जगणं कुणी छापून वाटत नाही. ते शोधावं लागतं.

ज्यांनी हे काम जीव धोक्यात घालून केलं त्यांना हे माहीत होतं. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्तपणे जमवलेल्या संग्रहात जर्मन फर्मानं आहेतच. त्यांच्या बरोबरीने रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, चोरून भरणाऱ्या शाळांतले मुलांचे निबंध आणि घेट्टोत सांगितले जाणारे विनोदसुद्धा आहेत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पहिला भाग पत्र्याच्या पेट्यांत भरून जमिनीत पुरला, पुढचा भाग दुधाच्या कॅनमध्ये. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, कॅन १९५० मध्ये. पेट्यांत पाणी शिरलं होतं, कॅनमधले कागद त्यामानाने बरे राहिले. आज सुमारे ३५,००० पानं आहेत. तिसरा भाग सापडलेला नाही. रिंगेलब्लुम स्वतः १९४४ मध्ये मारले गेले.

आल्फ्रेड वीनर यांचंही तसंच. बर्लिनमध्ये १९२० च्या दशकापासून ते नाझींचीच पत्रकं, वर्तमानपत्रं जमवत होते, कारण हे लोक काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लोकांपुढे ठेवायचं होतं. १९३३ मध्ये त्यांना ॲम्स्टरडॅमला पळावं लागलं, १९३९ मध्ये संग्रह लंडनला गेला. पण १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, तेव्हा त्यांच्या माणसांनी लगेच साडेतीनशेहून अधिक प्रत्यक्षदर्शींच्या हकिगती लिहून घेतल्या. कुणाच्या दुकानाचं काय झालं, वडिलांना किती वाजता नेलं, शेजारी काय म्हणाले. एका बाजूला द्वेष करणाऱ्याचा कागद, दुसऱ्या बाजूला सोसणाऱ्याचा शब्द. आज लंडनच्या त्या ग्रंथालयाचं वजन दोन्हींमुळे आहे.

माझ्या घरच्या संग्रहाला मी तेव्हापासून हाच नियम लावला. द्वेषाची एक वस्तू आत घेतली की ज्यू जीवनाची एक घ्यायची. आपल्याला यासाठी फार लांब जावं लागत नाही. दर शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात 'शनिवार तेली' म्हटले गेलेले लोक, नागावकर, पेणकर, चेऊलकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह छापलेली वल्हांडणाच्या सणाची पोथी, मशीद बंदरजवळचं १७९६ चं सिनेगॉग, पुण्याचं 'लाल देऊळ' म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग, इस्रायलमधून निघणारं 'मायबोली' हे मराठी नियतकालिक. मात्र एक सांभाळा. बेने इस्राएलांचा इतिहास तुमच्या संग्रहात 'ज्यूद्वेष' या शीर्षकाखाली घालू नका. भारतात आम्हाला तसा जाच झाला नाही, हे त्यांच्यातले कितीतरी जण आवर्जून सांगतात. त्यांना बळी म्हणून उभं करणं हा त्यांच्यावर अन्यायच होईल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये काही रब्बींनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली आणि १९६४ मध्ये त्यांना आंदोलन करावं लागलं. ही कात्रणं तुमच्याकडे असतील, तर तीसुद्धा द्वेषाच्या भागात नकोत. तो भेदभाव खरा होता, पण समाजाच्या आतला होता. त्यासाठी वेगळी मालिका करा.

वर्गवारीचा विषय निघालाच आहे तर शब्दांविषयी बोलते, कारण शोध शब्दांवरच चालतो. मराठीत ज्यूद्वेष, ज्यूविरोध, यहुदीद्वेष, सेमेटिकविरोध, अँटिसेमिटिझम असं सगळं लिहिलं जातं. एक मुख्य शब्द ठरवा, बाकीचे त्याला जोडून ठेवा. मी 'ज्यूद्वेष' घेते. 'सेमेटिकविरोध' मुद्दाम टाळते. अँटिसेमिटिझम हा शब्द १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन माणसाने रूढ केला, आणि तो स्वतः ज्यूंचा द्वेष करणारा होता. जुन्या द्वेषाला शास्त्रीय वाटेल असं नाव त्याला हवं होतं. सेमेटिक हे खरं तर भाषाकुळाचं नाव. त्यात अरबीही येते, म्हणून शब्दशः भाषांतर केलं की वाचणारा भलत्याच वादात शिरतो.

द्वेष, अज्ञान आणि टीका हे तीन वेगळे ठेवा. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह निघालं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते नाव बदललं. कडक मास्तरांना 'हिटलर' म्हणणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. हे मी 'अज्ञान' या रकान्यात ठेवते, कारण ते करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नसतो. द्वेषाची जमीन त्यातून तयार होते, म्हणून ठेवायचं, पण द्वेष म्हणून ठेवायचं नाही.

टीकेचं जास्त अवघड आहे. इस्रायलच्या सरकारवर, गाझातल्या युद्धावर जे लिहिलं जातं, त्यातलं कुठलं ज्यूद्वेष आणि कुठलं राजकीय मत? यासाठी दोन व्याख्या जगात वापरल्या जातात. एक आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची, २०१६ ची. दुसरी २०२१ चा जेरुसलेम जाहीरनामा. इस्रायलवरच्या टीकेबाबत दोघींचा कल वेगळा आहे. दोन्ही मूळातून वाचा. मी एखाद्या मजकुरावर शिक्का मारायच्या आधी एक साधा प्रश्न विचारते: इथे बोट कुठल्या निर्णयाकडे, सरकारकडे आहे, की 'ते लोक' असं म्हणून पॅरिसमधल्या पाववाल्यापासून अलिबागच्या आजीपर्यंत सगळ्यांकडे? तरीही काही फायली अडतातच. त्यांना 'अनिर्णित' लिहा, कारण लिहा, तारीख घाला. दोन वर्षांनी मत बदललं तर जुनं मत खोडू नका, खाली नवं लिहा. सहा वर्षांत तुमची समज कशी बदलली तेही या संग्रहातच दिसायला हवं.

आता तांत्रिक. हे झटपट सांगते, कारण यात फारसं गूढ नाही. सूचीसाठी एक्सेलचा एक तक्ता पुरतो. त्याची सीएसव्ही प्रतही ठेवा, म्हणजे उद्या एक्सेल नसलं तरी उघडेल. चित्रं जास्त असतील तर ट्रॉपी, लेख आणि पुस्तकं जास्त असतील तर झोटेरो. ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि तारखेने सुरू होणारं ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. मराठी माझी जीव की प्राण भाषा, पण देवनागरी नावं झिप करताना किंवा जुन्या डिस्कवर टाकताना मोडलेली मी अनेकदा पाहिलीत. मराठी नाव तक्त्यात लिहा.

जुन्या मराठी संकेतस्थळांवरचं काही ठेवलं असेल तर आजच उघडून पाहा. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धती, येण्याआधी वर्तमानपत्रं स्वतःचे फॉन्ट वापरत. तो मजकूर नुसता कॉपी करून ठेवलेला असेल तर आज तुम्हाला निरर्थक अक्षरं दिसतील. अशा पानांची फॉन्टसकट पीडीएफ हवी, निदान चित्र तरी.

व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं आणि त्यातली मूळ तारखेची माहिती गेलेली असते. म्हणून कुणाकडून मागून घ्याल तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, आणि कुठल्या दिवशी, कसल्या ग्रुपवर आलं ते लगेच टिपा. वेबपानाचा नुसता दुवा ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं. २००८ च्या त्या आठवड्यात लोकांनी काय काय लिहिलं होतं त्याचे दुवे मी एका वर्ड फाइलमध्ये जमवले होते. तीन वर्षांनी उघडले तर निम्मे मेलेले. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, आणि प्रत्येक वेळी माणसांच्या बोलण्याचे डोंगर नाहीसे झाले. पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात जतन करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात तो चालवणाऱ्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तेही बंद होतं. स्वतःजवळ एक प्रत हवीच.

कागद स्कॅन करताना पाठची बाजू चुकवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत 'आमच्याकडे ज्यूंना प्रवेश नाही' अशा मजकुराची हॉटेलांची आणि समुद्रकाठच्या गावांची चित्रमय पोस्टकार्डं निघत. फ्रँकफुर्टच्या 'कोल्नर होफ' या हॉटेलाचं कार्ड त्यातलं प्रसिद्ध. पुढची बाजू सगळे पाहतात. मागे हवापाण्याची, तब्येतीची साधी खुशाली लिहिलेली असते, आणि तो द्वेष किती सहज खिशात घालून फिरता येत होता ते त्या मागच्या बाजूवर कळतं.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक डिस्क कसलीही सूचना न देता गेली, आणि तिच्यात आठ वृद्धांच्या मुलाखती होत्या. सहांची दुसरी प्रत होती. दोघांची नव्हती, आणि ते दोघं तोवर गेले होते. याहून जास्त मी यावर लिहू शकत नाही. प्रती आजच करा.

कायद्याचं आणि माणसांचं. अभ्यासासाठी जवळ ठेवणं आणि लोकांत पसरवणं यात फरक आहे. समाजगटांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, म्हणून हा संग्रह सरसकट उघडा टाकायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला. फॉरवर्ड करणाऱ्या सामान्य माणसांची नावं, नंबर झाकून टाका. तो तुमचा मामाही असू शकतो आणि उद्या त्याचं मत बदलू शकतं. मुलाखत घेतली असेल तर लेखी संमती घ्या, आणि 'हे एवढं कुणाला ऐकवू नका' असं कुणी म्हणालं असेल तर तो भाग वेगळा कुलूपबंद ठेवा.

ज्यू नसताना हे का करताय, असं घरचे विचारतात. ज्यूद्वेष ही ज्यूंनी केलेली गोष्ट नाही, ती इतरांनी केलेली आहे. तिची कागदपत्रं सांभाळायचं ओझंही ज्यांनी सोसलं त्यांच्यावरच टाकायचं, हे मला पटत नाही. फक्त वर्षातून एकदा तरी एखाद्या ज्यू माणसाला तुमच्या नोंदी वाचायला द्या, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्या.

आणि जीव घाबरा होतो त्याबद्दल. तो होणारच, आणि त्यावर थोडी शिस्त लागते. मी द्वेषाच्या भागावर आठवड्यातून दोनच दिवस काम करते, सकाळी, तासभर. रात्री कधीच नाही. फोल्डरमध्ये चित्रांची लघुरूपं दिसणार नाहीत अशी सोय करून ठेवलीय, फक्त नावं दिसतात. जे भयंकर आहे ते स्क्रीन कृष्णधवल करून पाहते, व्हिडिओ आधी आवाज बंद ठेवून. दिवसाची शेवटची नोंद नेहमी दुसऱ्या भागातली, जगण्याच्या भागातली. एवढं करूनही झोप उडत असेल तर काही महिने बंद ठेवा आणि समुपदेशकाकडे जा.

कुठून सुरू करायचं? अकरा हजारांना हात लावू नका. ते सगळं 'आवक' म्हणून एका जागी ठेवा, त्याची प्रत काढा आणि बाजूला करा. नव्या रिकाम्या तक्त्यात पहिली नोंद करा ती आजोबांच्या मित्राच्या पत्राची. मोबाइलचा फोटो पुरणार नाही. मूळ पत्र शोधा, दोन्ही बाजू आणि पाकीट, तिकिटासकट, सहाशे डीपीआयवर स्कॅन करा. घड्या इस्त्रीने सपाट करू नका. मग आजोबांजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, त्यांना ते आधी सांगा, आणि विचारा: रेवदंड्यात ते कुठल्या आळीत राहायचे? दोघांची ओळख कशी झाली? निघायचं ठरल्यावर घरातल्या वस्तू कुणाला दिल्या? पहिलं पत्र किती दिवसांनी आलं, आणि शेवटचं कधी? हे या रविवारीच करा. फायली थांबतील.